वस्तूवरचा क्यूआर कोड स्कॅन केल्यावर ती खरोखर पर्यावरणपूरक आहे की नाही हे कळते का?

कोड स्कॅन केल्यावर उत्पादकाने दिलेली माहिती कळते, ती खरी असल्याची हमी मात्र कोड देत नाही. याचे कारण असे की कोडमध्ये बहुधा सविस्तर माहिती नसतेच. त्यात वस्तूचा क्रमांक आणि संकेतस्थळाचा पत्ता एवढेच असते. उभ्या रेघांच्या नेहमीच्या बारकोडमध्ये १३ अंक मावतात, तर बारकोडची मानके ठरवणाऱ्या जीएस१ या संस्थेच्या ‘डिजिटल लिंक’ मानकानुसार तोच वस्तूक्रमांक वेबपत्त्याच्या रूपात क्यूआर कोडमध्ये लिहिता येतो आणि त्याला बॅच क्रमांक किंवा अनुक्रमांकही जोडता येतो. त्यामुळे एकच कोड बिल करण्यासाठी चालतो आणि ग्राहकाला कच्चा माल, दुरुस्ती व पुनर्चक्रीकरण यांच्या माहितीपर्यंतही नेतो. शिवाय वेष्टन पुन्हा न छापता ती माहिती बदलता येते (गैरसोयीची माहिती गुपचूप काढताही येते, हे विसरू नये). कायद्याचे बंधन असेल तेथे भरवसा अधिक ठेवता येतो: युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमावलीने विद्युत वाहनांच्या आणि २ किलोवॅट-तासांहून अधिक क्षमतेच्या औद्योगिक बॅटऱ्यांसाठी १८ फेब्रुवारी २०२७ पासून क्यूआर कोडने उघडणारा डिजिटल पासपोर्ट (म्हणजे त्या बॅटरीची ऑनलाइन माहितीनोंद) अनिवार्य ठरवला असून, कार्बन उत्सर्जनासारखे तपशील त्याचा भाग आहेत. इतर वस्तूंच्या बाबतीत उघडलेल्या पानावर स्वतंत्र प्रमाणपत्राचा क्रमांक आणि ते देणाऱ्या संस्थेचे नाव आहे का ते पाहावे, आणि तो क्रमांक त्या संस्थेच्याच संकेतस्थळावर पडताळून घ्यावा.