एअरफोर्समधून निवृत्त झाल्यावर पीएच.डी. करावी का? आणि राजकारणावर उघड बोलावं का?

तुम्ही लिहिलंय की एअरफोर्समधली वीस वर्षं आठ महिन्यांत पूर्ण होतायत, नोकरीत असतानाच राज्यशास्त्रात एम.ए. केलंय आणि गाव सोलापूरजवळच आहे. आता पीएच.डी.ला लागावं की बँकेची परीक्षा द्यावी, आणि इतकी वर्षं गप्प राहिलेल्या माणसाने राजकारणावर बोलावं का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत. मी २०१९ मध्ये सार्जंट म्हणून बाहेर पडलो. ट्रेड एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल करणारा. सध्या सोलापुरातच पीएच.डी.च्या चौथ्या वर्षात आहे. म्हणून सविस्तर लिहितो.

दोन्ही प्रश्नांचं उत्तर मला हँगरमध्येच मिळालं होतं, फक्त कळायला उशीर लागला. मी तेव्हा नवीन होतो. वाळवंटातला तळ, मे महिना. मिग-२१ या लढाऊ विमानाच्या पत्र्यावर संध्याकाळी सातलाही हात ठेववत नव्हता. शिफ्ट संपताना टूल बोर्ड मोजला तर आठ-दहाचा एक पाना कमी. बोर्डावर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली असते, त्यामुळे रिकामी जागा लांबूनच डोळ्यांत येते. सार्जंटसाहेब ओरडले नाहीत. शेवटी कोणी वापरला, एवढंच विचारलं. मी हात वर केला. हत्यार आत राहिलं तर उडताना घात होऊ शकतो, म्हणून विमान जागीच थांबलं, पहाटेच्या उड्डाणांतून वगळलं गेलं. बंद केलेली पॅनेल पुन्हा उघडली आणि टॉर्च नि दांडीचा आरसा घेऊन आम्ही चौघं साडेतीन तास शोधत होतो. पाना निघाला इंटेकच्या, म्हणजे इंजिनात हवा शिरते त्या तोंडाच्या, कव्हरच्या घडीत. विमानात नव्हताच. तरी रात्र फुकट गेली असं कोणी म्हणालं नाही. कारण ‘पाना आत नाही’ हे माहीत असणं वेगळं आणि ‘आत नसेल’ असं वाटणं वेगळं. फॉर्म ७००, म्हणजे विमानाच्या देखभालीची नोंदवही, पुढे करत साहेब म्हणाले, ‘जेवढं स्वतः बघितलंस तेवढ्याखालीच सही कर.’

आता पीएच.डी.चं. माझा विषय सोलापूरच्या विमानतळाचा निर्णय कसा होत गेला, हा आहे. तुम्ही इकडचेच, त्यामुळे होटगी रोडवरचा विमानतळ आणि सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मितीची चिमणी हा वाद तुम्हाला ठाऊक असेल. उंच चिमणी विमान उतरण्याच्या वाटेत येते, म्हणून ती पाडायची की नाही, हा तो वाद. माझी नोंदणी २०२३ च्या सुरुवातीची. १५ जून २०२३ ला ती चिमणी स्फोटकं लावून पाडली. म्हणजे सहा महिने व्हायच्या आत माझा अभ्यासविषय माझ्या डोळ्यांसमोर खाली आला. मी एका ओळखीच्यांच्या गच्चीवर होतो. चिमणी आधी किंचित हलल्यासारखी वाटली, मग बुडातून बसली आणि धुळीने सगळं झाकलं. शेजारच्या गच्चीवर पोरांनी शिट्ट्या मारल्या. माझ्याजवळ उभे असलेले एक काका कारखान्याचे सभासद होते. ते काही न बोलता जिना उतरून गेले.

पहिल्या प्रकरणाच्या कच्च्या मसुद्यात मी लिहिलं होतं, ‘विमानसेवा ही सोलापूरकरांची एकमुखी मागणी होती.’ माझ्या मार्गदर्शक मॅडम माझ्यापेक्षा वयाने लहान आहेत. मी अजूनही त्या खोलीत आल्या की उभा राहतो. त्यांनी ‘एकमुखी’ या शब्दाभोवती पेन्सिलीने गोल काढला आणि विचारलं, ‘हे कोणी मोजलं?’ मला त्या क्षणी टूल बोर्डावरची ती रिकामी जागा आठवली. मी मोजलं नव्हतं. मला विमानं आवडतात, माझ्या आसपासच्यांना विमान हवं होतं, म्हणून मी अख्ख्या सोलापूरच्या वतीने सही ठोकली होती. त्या काकांना मी त्यात धरलंच नव्हतं.

मग पुन्हा सगळी पॅनेल उघडली. वर्तमानपत्रांच्या जुन्या फायली, पालिकेचे ठराव, न्यायालयाचे आदेश, आणि उत्तर नि दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या ऊस उत्पादकांच्या मुलाखती. विमानाची बाजू मला पाठ होती. धावपट्टीच्या टोकापासून उतरण्याच्या मार्गाखाली एक तिरकी पातळी धरतात आणि तिच्यावर काही डोकावता कामा नये. इन्स्ट्रुमेंट अप्रोच असलेल्या मोठ्या धावपट्टीला ती साधारण ५० मीटरला १ मीटर एवढ्या हलक्या चढाने वर जाते. त्यामुळे बरीच लांब असलेली उंच चिमणीही आडवी येते. हे गणित आहे, त्यात मत चालत नाही. पण एका शेतकरी आजोबांनी मला दुसरं गणित सांगितलं. चिमणी गेली की कारखान्याचं गाळप रखडतं, गाळप उशिरा झालं की ऊस वाळतो, वजन घटतं, आणि ते वजन त्यांच्या बिलातून जातं. ‘विमान येऊ द्या की, कोण नको म्हणतंय. माझा ऊस कुठं घालू ते सांगून मग पाडा,’ असं ते म्हणाले. हे वाक्य माझ्या तिसऱ्या प्रकरणाचा कणा आहे. ९ जून २०२५ ला गोव्याची सेवा सुरू झाली, त्या दिवशी मी होटगी रोडला कुंपणाबाहेर उभा होतो. पंख्याच्या इंजिनाचा आवाज ऐकून छाती भरून आली, हे खरं. आजोबांचं वाक्यही तेवढंच खरं, आणि प्रबंधात दोन्ही आहेत.

म्हणून पीएच.डी. कराच असं मी सरसकट सांगत नाही. तुमच्याजवळ असा प्रश्न असेल, ज्याचं उत्तर स्वतःच्या मनाविरुद्ध आलं तरी लिहायची तयारी आहे, तर करा. नावामागे डॉक्टर लागावं म्हणून करत असाल तर बँकेची परीक्षा द्या. त्यात काही कमीपणा नाही आणि घर चालतं.

व्यवहाराच्या गोष्टीही सांगतो, कारण त्या मला कोणी सांगितल्या नाहीत. पीएच.डी. प्रवेशासाठी एम.ए.ला ५५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना ५ टक्क्यांची सूट आहे. पंधरा वर्षांच्या सेवेवर मिळणारं पदवी-समकक्षतेचं प्रमाणपत्र काही नोकऱ्यांसाठी चालतं, पण ती विद्यापीठाची पदवी नव्हे. तुम्ही एम.ए. रीतसर केलंय, ते चांगलं झालं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला किमान तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सहा, पुढे मुदतवाढ मिळू शकते. सुरुवातीला कोर्सवर्क, मग दर सहा महिन्यांनी सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायची. जून २०२४ पासून नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे गुण पीएच.डी. प्रवेशालाही धरतात, त्यामुळे आधी नेट द्या. जेआरएफची, म्हणजे नेटमधून संशोधनासाठी मिळणाऱ्या अधिछात्रवृत्तीची, आशा मात्र ठेवू नका. वयोमर्यादा ३० आहे, सैन्यातल्यांना सवलत फार तर पाच वर्षांची, आणि वीस वर्षं नोकरी केलेला माणूस तोवर चाळिशीला टेकतो. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत, त्यांच्या अटी त्या-त्या वर्षीच्या जाहिरातीत नीट वाचा. मार्गदर्शक निवडताना त्यांच्या निवृत्तीला किती वर्षं उरलीत हे निःसंकोच विचारा. तीन वर्षांपेक्षा कमी उरली असतील तर त्यांना नवीन विद्यार्थी घेता येत नाही. आणि पेन्शन आहे म्हणून पैशांची चिंता नाही, असं घरी सांगू नका. माझी दोन मुलं शिकतायत, मी सकाळी एका अकादमीत भरतीपूर्व प्रशिक्षणाचे तास घेतो.

डिसेंबर २०२३ मध्ये विधिमंडळात अधिछात्रवृत्तीचा विषय निघाला तेव्हा पीएच.डी. करून मुलं काय दिवे लावणार, असं विचारलं गेलं. मला ते फार लागलं. ग्रंथालयात माझ्या टेबलावर बसणारी मुलगी विडी वळणाऱ्या आईची आहे. पूर्व भागातल्या विडी कामगार बायकांच्या आरोग्यावर ती काम करते. तिचा प्रबंध झाला तर त्या बायकांच्या खोकल्याची नोंद कागदावर येईल. ज्या जिल्ह्यात हातमाग गेले, गिरण्या गेल्या, तिथे काय गेलं आणि का गेलं हे कोणीतरी नीट लिहून ठेवायला नको का?

आता राजकारण. आधी एक कडक सूचना, डिस्चार्जच्या शेवटच्या दिवसापर्यंत एकही राजकीय पोस्ट नको, लाइकसुद्धा नको. गणवेशातल्या माणसावर घातलेली ती बंधनं मला योग्यच वाटतात. बाहेर पडलात की तुम्ही नागरिक आहात, पक्षात जा, निवडणूक लढवा, तुमचा हक्क आहे. फक्त गणवेश सोबत नेऊ नका. मला एका पक्षाच्या कार्यकर्त्यांनी फ्लेक्ससाठी गणवेशातला फोटो मागितला होता. मी साध्या शर्टातला देतो म्हणालो, तर ते पुन्हा आलेच नाहीत. निवडणूक आयोगाने २०१३ मध्ये आणि पुन्हा मार्च २०१९ मध्ये प्रचारात सैनिकांचे फोटो वापरू नका, असं सगळ्या पक्षांना बजावलंय. तरी दर निवडणुकीत दिसतात. तो गणवेश माझा एकट्याचा नाही, तो त्या रात्री पाना शोधणाऱ्या चौघांचा आहे, आणि आमची मतं चौघांची चार होती.

बोलायचं ते जे तपासलंय त्यावर. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं, तेव्हा सात रस्त्यावर चहाला बसलेल्यांनी मला विचारलं की स्क्वाड्रन, म्हणजे लढाऊ विमानांच्या तुकड्या, कमी पडल्या ते कोणामुळे. मंजूर ४२, आणि मिग गेल्यावर २९ राहिल्या. प्रत्येकाला एका पक्षाचं नाव हवं होतं. मी तारखा सांगितल्या. १२६ लढाऊ विमानांची निविदा २००७ ला निघाली आणि २०१५ मध्ये ती वाट सोडून दिली. २०१६ मध्ये ३६ राफेलचा करार झाला. तेजस मार्क-१ए च्या ८३ विमानांची ऑर्डर फेब्रुवारी २०२१ ची, ती इंजिनांसाठी अडली. यात दोन्ही बाजूंची सरकारं येतात. हे ऐकून दोन्ही बाजूंचे मित्र नाराज झाले, पण एकालाही तारीख खोडता आली नाही.

अग्निपथवर मात्र माझं मत ठाम आहे आणि ते मी उघड मांडतो. जून २०२२ मध्ये योजना जाहीर झाली. चार वर्षं सेवा आणि त्यातले २५ टक्केच कायम. सैन्याचं सरासरी वय खाली आणायचं, हे सरकारचं कारण मला समजतं. पण मी स्वतः फिटर होतो. माझ्या सहीवर साहेबांनी डोळे झाकून विश्वास ठेवावा, इथपर्यंत पोचायला मला चार वर्षांहून जास्त लागली. हात तयार होतो न होतो तोच चारांतल्या तिघांना घरी पाठवायचं, हे निदान तांत्रिक ट्रेडसाठी बदललं पाहिजे. माझ्या सकाळच्या वर्गात येणाऱ्या पोरांना मी चार वर्षांनंतरचाही विचार आत्ताच करायला लावतो.

तुमच्याकडे आठ महिने आहेत. युनिटमधून नेट देण्याची परवानगी घ्या, एम.ए.च्या गुणपत्रिकांच्या मूळ प्रती मागवून ठेवा, आणि रोज रात्री अर्धा तास बसून एक पान लिहा. गावातली कोणती गोष्ट तुम्हाला कळत नाही, ती कोणाला कळत असेल आणि तिचे कागद कुठे असतील, एवढंच. ते पान तयार झालं की इथेच खाली टाका. मी पेन्सिल घेऊन वाचीन.