आहेराची वही

प्रश्न : मॅडम, मी अमरावती जिल्ह्यातला शिक्षक. 2021 च्या मार्चमध्ये आमच्या गावात घरटी एक माणूस तापानं पडलं होतं. चार किलोमीटरवरच्या गावात मात्र म्हणे एकही पेशंट नव्हता. दोन्ही गावांचा बाजार एक, दवाखाना एक, एसटी एक. तिकडचे लोक अजून सांगतात, आमच्यावर देवीची कृपा होती. साथ अशी गाव निवडून येते का? आणि पुण्याला भावाकडे गेलो की 'तुम्ही अमरावतीवाल्यांनी देशाला डेल्टा दिला' असं ऐकावं लागतं. त्याला काय उत्तर देऊ?

उत्तर : असं एक 'शून्य गाव' माझ्याही वाट्याला आलं होतं, गुरुजी. तेव्हा मी विदर्भातल्याच एका जिल्ह्यात साथरोग अधिकारी होते. रोज संध्याकाळी तालुक्यांकडून लाइन लिस्ट, म्हणजे रुग्णांची नावानिशी यादी, यायची, त्यात या गावापुढे महिनाभर भोपळा. कौतुकानं बघायला गेले. तिथल्या आशाताईनं मला बाजूला घेतलं. म्हणाली, "मॅडम, इथं पॉझिटिव्ह नाही कारण इथं स्वॅबच नाही." कॅम्प लागला त्या दिवशी अख्खं गाव हरभरा सोंगायला गेलं होतं. एकाचा स्वॅब पॉझिटिव्ह आला की सगळं घर रुग्णवाहिकेत घालून तालुक्याच्या वसतिगृहात नेऊन ठेवतात, ही धास्ती होती. त्यांचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. त्या वसतिगृहातले संडास मी पाहिले होते.

तेव्हा शेजारच्या गावात रुग्ण नव्हते की तपासणी नव्हती, हे आधी विचारा. मुंबईत 2020 च्या जुलैमध्ये तीन वॉर्डांत रक्तातल्या प्रतिपिंडांची पाहणी झाली, तेव्हा झोपडपट्टीत 57 टक्के लोकांना लागण होऊन गेल्याचं दिसलं आणि त्याच वॉर्डांतल्या इमारतींमध्ये 16 टक्के. नोंदलेल्या रुग्णांवरून एवढा अंदाज कोणालाच नव्हता. आणि बघा, वॉर्ड तोच, मध्ये एक रस्ता, तरी एवढा फरक. एकीकडे चाळीस घरांच्या एकाच संडासाला रांग असते, दुसरीकडे घरात दोन बाथरूम.

पण सगळीच शून्यं खोटी नव्हती. काही गावं खरंच सुटली, आणि त्याचं कारण समजायला मला वर्ष लागलं. सुरुवातीला आम्हाला शिकवलं होतं की एक बाधित सरासरी दोन-तीन जणांना देतो. या सरासरीनं आमची दिशाभूल केली. प्रत्यक्षात बहुतेक बाधित कोणालाच देत नाहीत, आणि ढोबळमानानं दहा-वीस टक्के माणसं ऐंशी टक्के लागणीला कारण होतात. चुलीतून शंभर ठिणग्या उडतात, नव्याण्णव शेणानं सारवलेल्या जमिनीवर विझतात. शंभरावी कडब्याच्या गंजीवर पडते. तुमच्या गावात गंजीवर पडली, शेजारी जमिनीवर. यात देवीचा संबंध नाही आणि तुमच्या गावाचा दोषही नाही.

राज्याची सुरुवातच अशी झाली. 9 मार्च 2020 ला पुण्यात दुबईच्या सहलीवरून आलेले पहिले दोन रुग्ण सापडले. दुसऱ्या दिवशी त्यांची मुलगी आणि त्यांना मुंबई विमानतळावरून पुण्याला आणणारा टॅक्सीवाला. त्याच महिन्यात सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरला परदेशातून आलेल्या चौघांपासून एकाच गोतावळ्यातले दोन डझन लोक बाधित झाले, आणि साखळी तिथंच तुटली. गावभर पसरली नाही. नकाशावर तेलाचा डाग पसरावा तसा हा रोग कधी पसरलाच नाही. माणसं ज्या कारणानं एकमेकांकडे जातात त्या कारणांच्या वाटेनं तो गेला.

आम्ही मात्र नकाशाच रंगवत बसलो. लाल, नारिंगी, हिरवा. एका गावाच्या तोंडाशी आम्ही पत्रे ठोकले, पोलीस बसवला, आणि माणसं मागच्या पांदणीनं आरामात ये-जा करत राहिली. चौथ्या दिवशी पोलिसाचा डबाही पांदणीनंच येत होता.

आता एका आहेराच्या वहीची गोष्ट सांगते, म्हणजे वाट म्हणजे काय ते कळेल. 2021 च्या फेब्रुवारीत एका तालुक्यात आठवडाभरात 6 गावांतले 11 जण पॉझिटिव्ह आले. गावं वेगळी, जाती वेगळ्या, एकमेकांना न ओळखणारी माणसं. आमची पद्धत अशी की प्रत्येकाला विचारायचं, तुमच्या संपर्कात कोण आलं? हाय रिस्क, लो रिस्क, याद्या करायच्या, फोन लावायचे. हे सगळं पुढे बघणं झालं. मागे बघायचं, म्हणजे तुम्हाला मिळाला कुठून, हे विचारायला आमच्या फॉर्ममध्ये एकच अरुंद रकाना होता आणि त्यात सगळे 'माहीत नाही' लिहायचे.

आमच्या एका आरोग्यसेवकानं प्रश्न बदलला. त्यानं विचारलं, "मागच्या पंधरा दिवसांत कपडे कधी इस्त्री केले होते?" अकरापैकी नऊ जण एकाच लग्नाला गेलेले निघाले. परवानगी 50 माणसांची होती, म्हणून नवरीचे वडील पाहुण्यांची नावं सांगायला तयार नव्हते. तेवढ्यात आतून नवरीच्या आजीनं आहेराची वही आणून पुढ्यात टाकली. नाव, गाव, 101, 251, वर एक स्टीलचा डबा. ओळीनं सगळं. यापेक्षा चांगली लाइन लिस्ट मी नोकरीत पाहिली नाही, कारण आहेर लिहिताना कोणी माणूस विसरत नाही.

वहीवरून आम्ही गावोगाव गेलो. मांडवात पंगतीला बसलेले बहुतेक ठणठणीत होते. आजारी पडले ते दोन जागचे: नवरीच्या खोलीत दारं-खिडक्या लावून साडी नेसवणाऱ्या बायका, आणि आहेराच्या टेबलाशी येऊन 'लिहा, लिहा' करत वाकलेले पाहुणे. वही लिहिणारा काका आदल्या रात्रीपासून कणकणत होता. मास्क हनुवटीला. गोंगाटात नाव ऐकू यावं म्हणून प्रत्येकाच्या तोंडाशी तोंड नेऊन मोठ्यानं विचारत होता. सहा गावांत विषाणू नेणारा तोच असं शपथेवर सांगता येणार नाही, पण मी पैज त्याच्यावरच लावीन. तो स्वतः मात्र तीन दिवसांत बरा झाला.

मागे बघण्याचा फायदा हा. पुढे बघितलं की बहुतेक वेळा विझलेल्या ठिणग्या मोजत बसतो. मागे गेलं की गंजी सापडते. जपाननं हे पहिल्या काही महिन्यांतच धरलं होतं. आम्हाला वेळ लागला. मी तशी टिपणी वर पाठवली होती, तिच्यावर शेरा आला, 'विहित नमुन्यात माहिती सादर करावी.'

आता पुण्यातल्या भावाला काय सांगायचं ते. 2021 च्या फेब्रुवारीत अमरावती, अकोला, यवतमाळला रुग्ण वाढले, 22 तारखेला अमरावतीत पुन्हा लॉकडाउन लागला, तेव्हा राज्यातल्या बाकी बहुतेक शहरांत लॉकडाउन नव्हता. हे खरं. जानेवारीत ग्रामपंचायतींच्या निवडणुका झाल्या होत्या, लग्नं सुरू झाली होती, मास्क खिशात गेले होते. हे राज्यभर होतं. ठिणगी आधी आमच्याकडे पडली. मार्चच्या 24 तारखेला केंद्रानं सांगितलं की महाराष्ट्रातल्या नमुन्यांत ई484क्यू आणि एल452आर हे विषाणूतले बदल वाढलेत, वर्तमानपत्रांनी त्याला 'डबल म्युटंट' म्हटलं. डेल्टा याच कुळातला. पण त्या कुळातले भारतातले सर्वांत जुने नमुने 2020 च्या ऑक्टोबरमधले आहेत. जिथं सापडला तिथंच जन्मला असं होत नाही. जिथं शोधला तिथं सापडतो. 1918 च्या फ्लूला स्पॅनिश म्हणाले, कारण महायुद्धात तटस्थ असलेल्या स्पेनच्या वर्तमानपत्रांवर सेन्सॉर नव्हता, त्यांनी छापलं. गावांच्या, देशांच्या माथी असा डाग बसू नये म्हणून तर जागतिक आरोग्य संघटनेनं 31 मे 2021 ला विषाणूच्या प्रकारांना ग्रीक अक्षरांची नावं दिली. आणि 18 एप्रिलला राज्यात एका दिवसात 68 हजारांवर रुग्ण नोंदले गेले, ते काय सगळे अमरावतीहून एसटीनं आले होते? भावाला एवढंच विचारा.

प्रश्न : आमच्या सासूबाई अजून दुधाच्या पिशव्या साबणानं धुतात आणि वर्तमानपत्र उन्हात टाकतात. त्यांना समजावून सांगाल का?

उत्तर : कोरोनासाठी गरज नाही. तो मुख्यतः बंद जागेत, बाधिताच्या श्वासातून पसरतो. पिशवीवरून लागण होणं अगदी दुर्मीळ. पण पिशवी तशीही धुवावीच, टेम्पोत ती कशाकशावर ठेवलेली असते ते मी बघितलं आहे. वर्तमानपत्र मात्र आधी तुम्ही वाचा, मग उन्हात टाकू द्या.

प्रश्न : आमच्या अकोल्याकडच्या गावाचा इतिहास लिहितो आहे. पणजी 'मानमोडी'त गेली असं घरात सांगतात. ती कोणती साथ? ती आणि कोरोना, दोन्हींबद्दल गावातले खरे आकडे कुठे मिळतील?

उत्तर : मानमोडी म्हणजे 1918 चा इन्फ्लुएन्झा. जूनमध्ये मुंबईच्या पोलीस रुग्णालयात काही शिपाई तापानं दाखल झाले, त्यातला एक गोदीवर पहाऱ्याला असायचा. ती पहिली लाट सौम्य होती. दुसरी सप्टेंबरात आली. 6 ऑक्टोबरला एकट्या मुंबईत 768 माणसं दगावली. पुढे रेल्वेनं ती वऱ्हाडात आली, आणि त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा देशात सर्वांत जास्त माणसं गेलेल्या भागांपैकी एक.

त्या काळच्या नोंदींसाठी तहसील कार्यालयाच्या अभिलेखागारात कोतवाल बुक, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, बघा. जातीच्या दाखल्यासाठी लोक त्याचीच नक्कल काढतात, तेव्हा कर्मचाऱ्याला वेगळं समजावावं लागणार नाही. बरीचशी पानं मोडीत असतात, मोडी वाचणारं माणूस सोबत न्या. 'इन्फ्लुएन्झा' शोधू नका. कोतवालाला तो शब्द माहीत नव्हता, तो मरणाचं कारण 'ताप' लिहायचा. मी एका गावाचं बुक पाहिलं आहे. ऑक्टोबरच्या पानावर वरपासून खालपर्यंत ताप, ताप, ताप, आणि पुढच्या पानावर अचानक वेगळं हस्ताक्षर.

कोरोनासाठी लाइन लिस्ट मागू नका, ती मिळणार नाही आणि मिळूही नये, तिच्यात लोकांची नावं आहेत. ग्रामपंचायतीच्या मृत्यू नोंदवहीत 2021 चे एप्रिल-मे मोजा आणि शेजारी 2019 चे तेच दोन महिने ठेवा. कारणाचा रकाना वाचू नका. फक्त ओळी मोजा.