‘हेल्थ अँड सोशल केअर’ घेतल्यास डॉक्टर होता येईल का?

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. मुलगी नववीत असून तिला जीसीएसईचे (तिथल्या सोळाव्या वर्षीच्या शालेय परीक्षेचे) ऐच्छिक विषय निवडायचे आहेत. तिचा ओढा ‘हेल्थ अँड सोशल केअर’ (आरोग्य आणि सामाजिक देखभाल) या विषयाकडे आहे, पण तो अभ्यासात मागे पडलेल्या मुलांचा विषय आहे आणि तो घेतला की डॉक्टर होण्याचा मार्ग बंद होतो, असे परिचित सांगतात. काय करावे?

उत्तर : मार्ग बंद होत नाही. जीसीएसईला इंग्रजी आणि गणिताप्रमाणे विज्ञानही सक्तीचे असल्यामुळे हा विषय घेतला तरी विज्ञान सुटत नाही. खरा प्रश्न त्यानंतर येतो, कारण बहुतेक वैद्यकीय महाविद्यालये ए लेव्हलला (जीसीएसईनंतरच्या दोन वर्षांच्या, विद्यापीठ प्रवेशाच्या परीक्षेला) रसायनशास्त्र मागतात. मात्र काही शाळांत तिन्ही विज्ञाने स्वतंत्रपणे शिकायची झाल्यास एक ऐच्छिक जागा खर्ची पडते. तुमच्या शाळेत तसे असेल आणि मुलीचे डॉक्टर होण्याचे पक्के असेल, तर ती जागा विज्ञानालाच द्यावी, असे माझे मत आहे.

‘मागे पडलेल्या मुलांचा विषय’ हा शेरा अभ्यासक्रम न पाहताच मारलेला दिसतो. अनेक शाळांत हा विषय ज्या रूपात शिकवला जातो, त्या बीटेक टेक अवॉर्ड या जीसीएसईच्या पातळीवरील व्यवसायाभिमुख अभ्यासक्रमात दोन भागांचे मूल्यमापन शाळेतील असाइनमेंटवर होते, तर 40 टक्के भार असलेल्या तिसऱ्या भागाची लेखी परीक्षा बाहेरची असते. त्या परीक्षेत एखाद्या व्यक्तीची हकिगत दिलेली असते: समजा, पती नुकतेच वारलेली, धूम्रपान करणारी एक स्त्री, आणि सोबत तिची नाडी, रक्तदाब व बॉडी मास इंडेक्सचे आकडे. विद्यार्थ्याने त्या आकड्यांचा अर्थ लावून, तिच्या इच्छा आणि अडचणी लक्षात घेऊन, तिला झेपेल अशी आरोग्य-योजना मांडायची असते. जिचे गुडघे दुखतात आणि जिला एकटीने बाहेर पडावेसे वाटत नाही, तिला ‘रोज व्यायाम करा’ एवढेच सुचवून गुण मिळत नाहीत. केवळ पाठांतरावर तरून जाणाऱ्या हुशार मुलांची इथे चांगलीच दमछाक होते.

नर्सिंग किंवा समाजकार्याकडे कल असेल, तर जीसीएसईनंतर बीटेक नॅशनल हा पुढच्या पातळीचा व्यवसायाभिमुख अभ्यासक्रम आहे, तसेच आरोग्य क्षेत्राचा हेल्थ टी लेव्हल हा तांत्रिक अभ्यासक्रमही आहे. टी लेव्हल दोन वर्षांचा, तीन ए लेव्हलच्या तोडीचा असून त्यात किमान 315 तास प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी घालवावे लागतात. विद्यापीठांच्या अटी मात्र वेगवेगळ्या असतात. नर्सिंगसाठीही इंग्रजी व गणिताचे जीसीएसई बहुधा लागतेच, त्यामुळे त्या विषयांकडे दुर्लक्ष होऊ देऊ नये.

निवड कळवण्यापूर्वी शाळेकडून जुन्या असाइनमेंटचा एखादा नमुना मागून घ्या आणि तो मुलीलाच वाचू द्या; इतके सविस्तर लेखन करण्याची तिची तयारी आहे का, हे त्यावरून तिचे तिलाच कळेल.