टीएसक्यूएलटी या एसक्यूएल सर्व्हर डेटाबेसच्या टेस्टिंग टूलचं डॉक्युमेंटेशन एआय एजंटसाठी लिहायचं आहे, त्यात काय असावं?

सगळ्यात आधी धोक्याच्या गोष्टी लिहा. माणूस चुकला की थबकतो, एजंट पुढची कमांड चालवून मोकळा होतो. उदाहरणार्थ, टेस्ट क्लास (म्हणजे टेस्टचा गट) तयार करणारं 'न्यूटेस्टक्लास' त्याच नावाने पुन्हा चालवलं, तर आधीचा टेस्ट क्लास आतल्या सगळ्या टेस्टसकट पुसला जातो आणि नवा, रिकामा तयार होतो. एकच टेस्ट वाढवायला निघालेला एजंट अशाने बाकीच्या सगळ्या घालवू शकतो. हे पहिल्याच परिच्छेदात हवं, तळटीपेत नको.

तसंच टेस्टपुरतं खऱ्या टेबलाच्या जागी नकली टेबल ठेवणाऱ्या 'फेकटेबल'चं. टेबल रिकामं होतं, कन्स्ट्रेंट (डेटावरचे नियम) निघून जातात. कन्स्ट्रेंटच तपासायचा असेल तर 'अप्लायकन्स्ट्रेंट'ने तो परत लावावा लागतो. हे माहीत नसलं की टेस्ट उगाच पास होते, आणि अशी टेस्ट नसलेलीच बरी.

टेस्ट प्रोसीजरचं नाव 'टेस्ट'ने सुरू व्हावं लागतं आणि प्रत्येक टेस्ट ट्रान्झॅक्शनमध्ये चालून रोलबॅक होते (म्हणजे तिने केलेले बदल मागे घेतले जातात), एवढं एकेका ओळीत पुरे.

प्रत्येक फंक्शनसोबत जसंच्या तसं चालणारं, पूर्ण उदाहरण द्या. तुकडे दिले तर एजंट मधली जागा पीजीटॅपसारख्या (पोस्टग्रेस डेटाबेससाठीच्या) दुसऱ्या टेस्टिंग टूलच्या फंक्शनांनी भरू शकतो. नापास टेस्टचं खरं आउटपुटही जोडा.