वारांगेरमध्ये जूनमधील किनारी पक्ष्यांचे छायाचित्रण: लेन्स, प्रकाश आणि अंतर

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. नॉर्वेच्या वारांगेर द्वीपकल्पावर जूनमध्ये दहा दिवस छायाचित्रणासाठी जायचे असेल, तर ६०० मिलीमीटरची प्राइम (एकाच ठरावीक फोकल लांबीची, झूम नसलेली) लेन्स भाड्याने घ्यावी का, हा पहिला प्रश्न. आणि घरट्यावर बसलेल्या पक्ष्याच्या किती जवळ गेलेले चालते, हा दुसरा. मी त्या भागात तीन उन्हाळे काढले आहेत आणि त्या अनुभवावरून माझे उत्तर असे आहे की लेन्स भाड्याने घेण्याची गरज नाही आणि घरट्याकडे जाऊच नये. दोन्ही उत्तरांमागचे कारण एकच आहे. पक्षी तिथे आपण होऊन जवळ येतो. आपल्याला फक्त योग्य जागी, योग्य वेळी पालथे पडून राहता आले पाहिजे.

शिवडीला किंवा ठाण्याच्या खाडीवर टिलव्यांचा, म्हणजे चिखलात चरणाऱ्या छोट्या किनारी पक्ष्यांचा, थवा टिपण्याची सवय असलेल्या आपल्यासारख्या माणसाला हे आधी पटत नाही, कारण इथे चिखलात दोन पावले टाकली की सगळा थवा उडून पलीकडच्या काठावर जातो. टेमिंकचा टिलवा आपल्याकडे हिवाळ्यात असाच बुजरा, चिखलाला चिकटून राहणारा दिसतो. तोच वारांगेरमधल्या वाडसो गावात कुंपणाच्या खांबावर बसून गातो, पंख थरथरवत हवेत तरंगतो आणि रस्त्याकडेला उभ्या असलेल्या गाडीची फारशी पर्वा करत नाही. त्यामुळे पहिले दोन दिवस गाडीलाच आडोसा समजावे, काच खाली करून दारावर लेन्स टेकवायला बीन बॅग (दाण्यांनी भरलेली पिशवी) ठेवावी आणि खाली उतरण्याची घाई करू नये.

खरी जागा मात्र वाडसोया हे छोटे बेट आहे. गावातून पूल ओलांडला की तिथे पोहोचता येते. बेटावर अजून एक लोखंडी मनोरा उभा आहे. १९२६ साली ध्रुवसंशोधक अमुंडसेन आणि हवाईजहाजांचे रचनाकार नोबिले यांचे ‘नोर्गे’ आणि १९२८ साली नोबिले यांचे ‘इटालिया’ ही वायूने भरलेली, हवेत तरंगणारी हवाईजहाजे उत्तर ध्रुवाकडे जाताना त्याला बांधली होती. त्या मनोऱ्याच्या परिसरातच एक उथळ तळे आहे आणि जूनच्या आरंभी त्यावर लाल मानेचे फॅलारोप (पाण्यावर पोहणारे छोटे किनारी पक्षी) असतात. या पक्ष्यांत मादी अधिक रंगीत असते, नरासाठी माद्यांचीच भांडणे होतात आणि अंडी घालून झाली की उबवण्याचे व पिल्ले सांभाळण्याचे काम नराकडे येते. म्हणून दाट विटकरी मानेचा, गळ्यावर स्वच्छ पांढरा डाग असलेला पक्षी दिसला तर ती मादी समजावी.

तळ्याकाठी मी प्रथम पालथा पडलो तेव्हा वीसेक मिनिटे काहीच घडले नाही. नंतर एक मादी भोवऱ्यासारखी गरगर फिरत, फिरण्याने वर आलेले बारीक किडे चोचीच्या टोकाने उचलत, सरळ माझ्या दिशेने आली आणि शेवटी इतकी जवळ आली की तिच्या चोचीवरचा पाण्याचा थेंब मला नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. माझी लेन्स त्या अंतरावर फोकसच करू शकत नव्हती. सुमारे पस्तीस ग्रॅम वजनाचा तो जीव हातभर अंतरावर पोहत होता आणि मी श्वास रोखून पडून होतो. स्कँडिनेव्हियातल्या फॅलारोपांना बसवलेल्या नोंदयंत्रांवरून कळले आहे की ते हिवाळा अरबी समुद्रात काढतात. आपल्या कोकण किनाऱ्याला जो समुद्र लागतो, त्याच समुद्रातून हा पक्षी तिथे आलेला असतो, ही गोष्ट त्या तळ्याकाठी मला फार मोठी वाटली.

आता लेन्सबद्दल. ६०० मिलीमीटरच्या मोठ्या प्राइम लेन्सचे किमान फोकस अंतर (ज्याहून जवळचे स्पष्ट टिपता येत नाही ते अंतर) चार मीटरच्या पुढे असते, त्यामुळे वर सांगितलेल्या प्रसंगात ती निरुपयोगी ठरते. शिवाय ओल्या टुंड्रावर (झाडे नसलेल्या थंड माळरानावर) सरपटत जाताना तिचे ओझे जाणवते. आपल्याकडची १००-४०० मिलीमीटरची झूम लेन्स पुरेशी आहे. भाड्याचे पैसे गुडघ्यापर्यंतचे चांगले रबरी बूट, पाणी न शिरणारी पँट आणि वारा अडवणारे जाकीट यांवर खर्च करावेत, कारण जूनमध्येही तापमान बऱ्याचदा एक आकडी असते आणि समुद्रावरचा वारा तासाभरात बोटे बधिर करतो. कॅमेरा जमिनीलगत सरकवण्यासाठी जुना सपाट तवा उत्तम चालतो. शटर १/१६०० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवावे. फॅलारोपची गिरकी त्याखाली स्पष्ट येत नाही.

प्रकाशाचे गणित मात्र नीट समजून घ्यावे. वाडसो सुमारे ७० अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि जूनच्या मध्यात तिथे मध्यरात्री सूर्य क्षितिजाच्या साडेतीन अंश वर, नेमका उत्तरेला असतो. रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळात तो दहा अंशांच्याही वर जात नाही. आपल्याकडे जो सोनेरी प्रकाश अर्धा तास मिळतो तो तिथे सहा तास मिळतो, म्हणून दिवसा झोपावे आणि रात्री काम करावे. मध्यरात्री तळ्याच्या उत्तर काठावर, सूर्याकडे पाठ करून पडावे. दुपारी थंडी असली तरी उन्हाने जमिनीलगतची हवा थरथरते आणि दूरच्या पक्ष्याचे चित्र कितीही महाग लेन्सने घेतले तरी ते धूसरच येते.

घरट्यांबद्दल लिहिताना मला माझीच एक चूक सांगणे भाग आहे. बोट्सफ्योर्ड गावाकडे जाणाऱ्या डोंगरी रस्त्यावर एक पर्पल सँडपायपर हा किनारी पक्षी माझ्या पायांपासून निघून, पाठ फुगवून, पंख लोंबकळवत उंदरासारखा चिरकत पळू लागला. मी दहा-बारा मिनिटे त्याच्या मागे जाऊन छायाचित्रे घेत राहिलो. वळून पाहिले तेव्हा मघापासून दगडावर बसलेला स्कुआ (दुसऱ्या पक्ष्यांची अंडी खाणारा समुद्रपक्षी) मी आधी उभा होतो त्या जागेवर उतरलेला होता आणि त्याच्या चोचीत अंडे होते. पक्षी मला घरट्यापासून दूर नेत होता आणि मी त्याला घरट्यापासून दूर ठेवत होतो. तिथला उन्हाळा इतका आखूड असतो की उशिरा घातलेल्या अंड्यांतली पिल्ले वेळेत वाढतीलच असे नाही. ती छायाचित्रे मी पुसून टाकली.

म्हणून पक्षी लंगडू लागला किंवा पंख ओढत पळू लागला की कॅमेरा खाली घ्यावा, पायाखाली नीट पाहावे, आलो त्याच पावलांनी मागे फिरावे आणि तो परत येऊन बसेल इतके दूर जावे. अंडी दगडफुलाच्या रंगाची असतात आणि हातभर अंतरावरूनही दिसत नाहीत. मोबाइलवरून आवाज वाजवून पक्ष्याला बोलावू नये, आणि घरट्याची नेमकी जागा छायाचित्राबरोबर प्रसिद्ध करू नये. नॉर्वेत मोकळ्या रानात फिरण्याचा हक्क सर्वांना असला तरी काही राखीव क्षेत्रांत विणीच्या काळात प्रवेशबंदी असते. तिथल्या पाट्या वाचूनच आत जावे.

विमानाने किर्केनेसला उतरून गाडी भाड्याने घेणे सोयीचे पडते. तारखा निवडता येत असतील तर ५ ते १५ जून घ्याव्यात. मेअखेरीस डोंगरी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अजून बर्फ असतो, आणि जूनचा शेवट गाठला तर फॅलारोपच्या माद्या अंडी नरांवर सोपवून दक्षिणेकडे निघू लागलेल्या असतात.