चीनने अमेरिकेचं सोयाबीन थांबवलं, मग लातूरला भाव का नाही?

प्रश्न असा आलाय की चीन सोयाबीनचा जगातला सर्वांत मोठा गिऱ्हाईक, २०२५ मध्ये त्याचं अमेरिकेशी फाटलं, मग आपल्या मालाला उठाव का नाही?

चीन खरेदी थांबवत नाही, दुकान बदलतो. जुलै २०१८ मध्ये त्याने अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के जादा शुल्क लावलं, तेव्हा फायदा ब्राझीलचा झाला. २०२४ मध्ये चीनची आयात साधारण १०.५ कोटी टन, म्हणजे जगातल्या एकूण आयातीच्या निम्म्याहून बरीच जास्त. आपलं अख्ख्या देशाचं पीक त्यांना दीड महिना पुरेल. शिवाय ब्राझील हेक्टरी तीन टनांच्या वर काढतो, आपण एका टनाच्या आसपास. त्या भावात आपण बसतच नाही.

आयातीत चीननंतर युरोपीय संघ, तोही चीनच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढा. मग मेक्सिको वगैरे. गंमत अर्जेंटिनाची: स्वतः पिकवतो, तरी गाळप कारखाने चालवायला पॅराग्वेचं सोयाबीन नदीतून आणतो.

सोयाबीन आयातीच्या या यादीत भारत जवळजवळ नाहीच, कारण जीएम, म्हणजे जनुकीय बदल केलेलं, सोयाबीन आपल्याकडे आणता येत नाही. पण त्याच जीएम सोयाबीनचं तेल येतं, आणि सोयातेल आयातीत आपण जगात पहिले. सप्टेंबर २०२५ मध्ये अर्जेंटिनाने निर्यातकर काही दिवस उठवला. चीनने तिथून सोयाबीनची जहाजं बुक केली, आपल्या आयातदारांनी दोन दिवसांत तीन लाख टनांच्या आसपास तेल. बाहेरचं तेल स्वस्त आलं की इथल्या सोयाबीनचा भाव दबतो, आपल्या भावाची नाडी तिथे आहे. त्याआधी मे अखेरीस कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ शुल्क केंद्राने २० वरून १० टक्क्यांवर आणलंच होतं.

तरी तेल अर्धीच गोष्ट. क्विंटलभर सोयाबीनमधून तेल १८ किलोच्या आसपास, बाकी बहुतेक पेंड. पेंडेला उठाव नसेल तर प्लांटवाला भाव कुठून देणार? ब्राझील-अर्जेंटिनाची पेंड स्वस्त, म्हणून आपली निर्यात अडते. देशात इथेनॉलच्या कारखान्यांतून निघणारं डीडीजीएस, म्हणजे धान्याचा वाळवलेला चोथा, पशुखाद्यात पेंडेची जागा खातंय. आणि उलट बाजूने, २०२१ मध्ये भाव क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेला तेव्हा पोल्ट्रीवाल्यांच्या मागणीवरून सरकारने ऑगस्टमध्ये १२ लाख टन जीएम पेंड आणायला परवानगी दिली. त्यानंतर भाव कसे पडले, ते इथल्या बऱ्याच जणांनी सोसलंय.

तेव्हा साठवायचं की विकायचं हे ठरवताना बीजिंगच्या बातम्या राहू द्या. खाद्यतेलाचं आयातशुल्क आणि तुमच्या जवळच्या प्लांटचा डीओसीचा (तेल काढून उरलेल्या पेंडेचा) दर, हे दोन रोज बघा. २०२५-२६ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. खरेदी केंद्रावर नोंदणी आधी करून ठेवा आणि माल १२ टक्के ओलाव्याच्या आत आणा.