एक्सेलमध्ये कोणतं बटण कुठे आहे, हे लवकर कसं समजेल?

तुम्ही लिहिलंय की एमएस-सीआयटी होऊन बरीच वर्षं झाली, आता बदली होऊन हिशेबाच्या कामाला बसलात आणि एक्सेल उघडलं की कुठे काय आहे तेच कळत नाही. काल दिसलेला टॅब आज गायब, काही बटणं मध्येच फिकी पडतात. आमच्याकडे नवीन आलेल्यांना मीच एक्सेल दाखवतो आणि जवळपास सगळे याच दोन ठिकाणी अडतात. म्हणून आधी तेच घेऊ.

गायब झालेला टॅब बहुतेक 'टेबल डिझाइन' किंवा 'चार्ट डिझाइन' असणार. हे टॅब कायमचे नसतात. कर्सर टेबलच्या आत असेल किंवा चार्ट निवडलेला असेल तेवढ्यापुरतेच ते येतात. टेबलमधल्या कुठल्याही सेलवर क्लिक करा, लगेच हजर. आणि वरची सगळी पट्टीच आक्रसून नुसती टॅबची नावं उरली असतील, तर कंट्रोल-एफ१ दाबा.

बटणं फिकी पडली की आधी खिडकीच्या खाली डाव्या कोपऱ्यात बघा. तिथे 'रेडी' हवं. 'एंटर' किंवा 'एडिट' दिसत असेल तर एखाद्या सेलमधलं टायपिंग अर्धवट राहिलंय. एस्केप दाबलं की बटणं परत येतात, फक्त ते अर्धवट टाइप केलेलं जातं. ते हवं असेल तर एंटर दाबा. हा कोपरा सहसा कोणी बघत नाही, पण सगळ्यात जास्त वेळ तोच वाचवतो.

आता हिशेबाच्या कामात हमखास लागणारी गोष्ट: लांबलचक यादी छापताना मथळ्याची ओळ प्रत्येक पानावर यायला हवी. बरेच जण प्रिंटच्या पडद्यावर जातात, तिथून 'पेज सेटअप' उघडतात आणि 'रोज टू रिपीट अ‍ॅट टॉप'चा रकाना फिका बघून हात टेकतात. रकाना तोच, पण तिथून उघडला की तो बंदच असतो. शीटवर परत या, 'पेज लेआउट' टॅबमध्ये 'प्रिंट टायटल्स' दाबा. आता तोच रकाना चालू दिसेल. त्यात क्लिक करून शीटवरची मथळ्याची ओळ निवडा आणि ओके करा.

बाकी कुठलं बटण कुठल्या टॅबमध्ये, हे पाठ करू नका असंच मी सांगेन. 2007 मध्ये जुने मेनू जाऊन ही रिबन (वरची टॅब-बटणांची पट्टी) आली, तेव्हा मेनू तोंडपाठ असलेल्यांनाही सगळं नव्याने शोधावं लागलं. त्यापेक्षा विचारायची सवय लावा. ऑल्ट-क्यू दाबलं की शोधायच्या चौकटीत कर्सर जातो (2016 पासूनच्या आवृत्त्यांत). तिथे 'फ्रीझ' टाइप करा, 'फ्रीझ पेन्स' समोर येईल आणि तिथूनच चालवताही येईल. नुसतं ऑल्ट दाबून सोडलंत तर प्रत्येक टॅबवर अक्षर उमटतं. मथळ्याच्या लगेच खालच्या ओळीतला पहिला सेल निवडून ऑल्ट, मग डब्ल्यू, एफ, एफ असं एकामागून एक दाबलं की फ्रीझ पेन्स चालू होतं, म्हणजे यादी खाली सरकवली तरी मथळा जागेवर थांबतो. महिनाभर रोज वापरा, माउसकडे हातच जाणार नाही. आणि काहीच सुचेना तर त्या सेलवर राइट क्लिक करा. तिथे करता येण्यासारखं बरंचसं त्या यादीत असतं.

बेरीज नुसती बघायची असेल तर सूत्रही नको. आकडे निवडा, खाली उजवीकडे बेरीज, सरासरी, संख्या सगळं दिसतं. बिलांची पडताळणी करताना मी दिवसभर हेच वापरतो.

पाच-सहा बटणं रोजचीच असतील तर त्यांच्यावर राइट क्लिक करून 'अ‍ॅड टू क्विक अ‍ॅक्सेस टूलबार' करा. ती एका छोट्या पट्टीत एकत्र बसतात. पट्टी दिसत नसेल तर रिबनवर राइट क्लिक केल्यावर ती दाखवायचा पर्याय मिळेल. त्या पट्टीतलं पहिलं बटण ऑल्ट-1 ने चालतं, दुसरं ऑल्ट-2 ने. माझ्याकडे पहिल्या जागेवर 'पेस्ट व्हॅल्यूज' आहे, म्हणजे सूत्र न आणता नुसते आकडे चिकटवणारं बटण. हिशेबाच्या कामात तुम्हीही तेच ठेवा.